जंताची टेस्ट करायची असेल तर नागपूरच्या धरमपेठेतली ही छोटी लॅब बेस्ट

पोराचं पोट बरेच दिवस दुखून राहिलं होतं अन् रामटेकला आमचं नेहमी जाणं होतं, तिथं वानरं पार जवळ येतात म्हणून त्यांच्याकडून जंत लागले की काय हेच डोक्यात घोळत होतं. आधी एका ठिकाणी काही न तपासता अल्बेंडाझोलची (जंताच्या औषधाची) एक गोळी देऊन मोकळे झाले, फरक शून्य. मग इथं स्टूल टेस्टला आलो.

मॅडम सॅम्पल ताजंच घेतात, शिळं चालतच नाही, कारण उशीर झाला की हुकवर्म नावाच्या जंताची अंडी फुटून अळ्या निघतात अन् ओळखणं कठीण जातं. वेगवेगळ्या दिवशीचे तीन सॅम्पल मागितले, अंडी रोज सापडतीलच असं नाही म्हणे.

व्हिपवर्म निघाला! मायक्रोस्कोपमधून दाखवलं पण, ढोलकीसारखं अंडं, दोन्ही टोकांना बूच. हा जंत माणसात पण असतो अन् माकडात पण, नुसतं अंडं पाहून कोणाकडून आला ते कळत नाही हे त्यांनी सरळ सांगितलं, उगाच घाबरवलं नाही. अंडं मातीत दोन-तीन आठवडे राहिल्यावरच लागण करतं, म्हणजे वानराची ताजी विष्ठा दिसली म्हणून लगेच काही होत नाही, मातीचे हात अन् न धुतलेली भाजी जास्त सांभाळा. व्हिपवर्मवर अल्बेंडाझोलचा 400 मिलिग्रॅमचा एकच डोस बरेचदा कमी पडतो, डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून तीन दिवस दिला, आता पोरगं मस्त जेवून राहिलं.

पाच स्टार. पार्किंग मात्र नाही, सकाळी लवकर जा.