नंबर तोच, कंपनी दुसरी: कोकणात पोर्ट करावं की दुसरं सिम घ्यावं?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात "कुठल्या कंपनीची रेंज चांगली?" असं विचारलं की प्रत्येक जण छातीठोकपणे वेगळं उत्तर देतो, आणि गंमत म्हणजे सगळ्यांचंच खरं असतं. टॉवर असतात वर सड्यावर, रस्त्याला लागून, जिथे वीज आणि डिझेल पोचवणं सोपं. घरं असतात खाली, पऱ्याच्या काठाने, माडा-पोफळींच्या गर्दीत. मधे डोंगराची एक सोंड आडवी आली की संपलं. वर जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती आहेतच. म्हणून तर कित्येक घरांत फोन पडवीच्या खिडकीच्या गजाला प्लॅस्टिकच्या पिशवीत टांगलेला दिसतो. वाजला की तिथेच स्पीकर लावून, गजाला कान लावून बोलायचं आणि अख्ख्या वाडीला मुंबईची खबर कळवायची.

तेव्हा देशात कोण पहिल्या नंबरावर आहे, याचा इथे काडीचा उपयोग नाही. आपल्या घरात, खळ्यात आणि कामाच्या जागी कोण पोचतं एवढंच बघायचं. ते बघून झालं की खरा प्रश्न उरतो: आहे तो नंबर दुसऱ्या कंपनीकडे न्यायचा, की तो जागीच ठेवून दुसरं सिम काढायचं? माझं मत आधीच सांगून टाकतो. बँकेला, गॅसला, आधारला जोडलेला मुख्य नंबर पोर्ट करणं ही शेवटची पायरी. आधी दुसऱ्या कंपनीचं सिम महिनाभर वापरून बघा.

याचं कारण एकच, ९० दिवस. पोर्ट केल्यावर नव्या कंपनीत किमान ९० दिवस काढल्याशिवाय पुन्हा हलता येत नाही. मे महिन्यात मुंबईहून आलेल्या भाच्याच्या फोनवर नेट धावताना बघितलं, बाजारात जाऊन पोर्ट मारलं, आणि जूनमध्ये पावसाला सुरुवात झाली. लाइट गेली, टॉवरची बॅटरी दोन-चार तासांत बसली, डिझेल घेऊन कोणी आलं नाही. आता गणपती जवळ येईपर्यंत याच कंपनीशी संसार करायचा. मे महिन्यातली कोरडी रेंज आणि जुलैतली ओली रेंज यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. गणपतीत चाकरमानी आले की तिसरंच चित्र दिसतं: काड्या चारही भरलेल्या, पण एका टॉवरवर इतके फोन की साधा फोटो जात नाही. ज्यांना घाई नाही त्यांनी जुलैची एक रात्र आणि गणपतीची एक संध्याकाळ बघूनच ठरवावं.

पोर्ट, दुसरं सिम, की घरात वायफाय?

आधी आपली अडचण नेमकी कुठली ते ओळखा. जुन्या कंपनीचा कॉल नीट लागतो, ओटीपी येतो, फक्त नेट रडतखडत चालतं, असं असेल तर पोर्ट करण्याचं कारणच नाही. हल्लीच्या फोनला दोन सिमची सोय असते. दुसऱ्या खाचेत नेटसाठी नवं सिम घाला आणि जुना नंबर कॉल-मेसेजपुरता ठेवा. दोन-दोन रिचार्ज परवडत नाहीत, ही तक्रार खरी आहे. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवल्यापासून तर जास्तच. पण ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे, नेट नसलेले पॅक देणं बंधनकारक केलं. जाहिरातीत ते दिसत नाहीत. दुकानदारही आपणहून सांगत नाही, मागून घ्यावे लागतात. घरच्या वयस्कर माणसांसाठी तर हेच पॅक योग्य. ज्यांना फोन उचलणं आणि ठेवणं एवढंच करायचंय, त्यांना रोज दीड जीबी कशाला?

उलट, घरात बसून जुन्या कंपनीचा कॉलच लागत नसेल तर दुसरं सिम हा अर्धाच इलाज. कारण बँकेचा ओटीपी येतो तो जुन्या नंबरावर, आणि तो घ्यायला माणसाला टोपी-छत्री घेऊन सड्यावर चढावं लागतं. इथे पोर्टच करावं. नंबर बदलणं हा पर्याय मी धरतच नाही. तारकर्लीच्या किंवा गुहागरच्या होमस्टेवाल्याचा नंबर पाटीवर, गूगलच्या नकाशावर आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये असतो. देवगडच्या आंबेवाल्याचा पेटीवर छापलेला असतो. तो नंबर म्हणजे धंद्याची गुडविलच, ती अशी सोडून देता येत नाही.

तिसरी परिस्थिती अशी की घरात कुठल्याच कंपनीची रेंज नाही. इथे पोर्ट म्हणजे आगीतून फुफाट्यात. पण गावात फायबर आलं असेल, बीएसएनएलचं किंवा स्थानिक केबलवाल्याचं, तर वायफाय कॉलिंगने काम होतं. एअरटेलने ते डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केलं. फोनच्या सेटिंगमध्ये एक बटण चालू करायचं, बस. टॉवर नसला तरी घरच्या वायफायवरून साधा कॉल लागतो. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. फक्त फोनमध्ये ती सोय हवी आणि राउटरला इन्व्हर्टर किंवा छोटा बॅकअप हवा. लाइट गेली की राउटर बंद, आणि राउटर बंद की पुन्हा गजाला कान. वादळात फणसाची फांदी फायबरच्या वायरीवर पडली तर काय, याला मात्र उत्तर नाही.

कंपन्यांत फरक कुठे पडतो

जिओचं नेटवर्क सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालं तेच फोर-जीवर. टू-जी त्यांच्याकडे कधी नव्हतंच. याचा कोकणातला अर्थ सरळ आहे: आजोबांकडे जुना बटणांचा साधा फोन असेल तर त्यात जिओचं सिम चालणार नाही. त्यांच्याच कंपनीचा फोर-जी कीपॅड फोन किंवा व्होल्टी, म्हणजे फोर-जीवरूनच कॉल, चालणारा दुसरा फोन घ्यावा लागेल. आजी-आजोबांची सवय मोडण्याचा खर्च रिचार्जमधल्या फरकापेक्षा मोठा असतो, हे पोर्ट करायला निघालेल्या मुंबईच्या मुलांच्या लक्षात येत नाही. नेटसाठी, पोरांच्या अभ्यासासाठी आणि व्हिडिओसाठी मात्र जिथे टॉवर जवळ आहे तिथे सिम घेऊन बघावं असं.

एअरटेलने थ्री-जी बंद केलं, पण टू-जी ठेवलं. म्हणजे साधा फोनही चालतो आणि स्मार्टफोनही. घरात दोन्ही तऱ्हेची माणसं असतील तर ही सोय मोठी. रिचार्ज मात्र स्वस्त म्हणावं असं नाही.

व्ही म्हणजे २०१८ मध्ये एकत्र आलेल्या व्होडाफोन आणि आयडिया. आयडियाचा महाराष्ट्र सर्कलमध्ये (सर्कल म्हणजे फोन कंपन्यांसाठी ठरवलेला विभाग) एके काळी मोठा दबदबा होता, म्हणून कोकणात जुने नंबर अजून यांच्याकडे भरपूर आहेत. टू-जी इथेही आहे. ज्यांच्या वाडीत यांची रेंज पहिल्यापासून टिकून आहे त्यांनी उगाच हलू नये. नव्याने यांच्याकडे येणाऱ्याने मात्र शेजारच्याच्या फोनवर नेट तपासल्याशिवाय पाऊल टाकू नये.

बीएसएनएलबद्दल लोक एक तर हळवे होतात, नाहीतर हसतात. दोन्ही बाजूला ठेवून बघा. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा यांनी वाढवले नाहीत, आणि पुष्कळ लोक इकडे वळले. सप्टेंबर २०२५ मध्ये स्वदेशी बनावटीच्या फोर-जी नेटवर्कचं उद्घाटन झालं. शिवाय रेंज नसलेल्या गावांत टॉवर उभारायचं केंद्र सरकारचं काम यांच्याचकडे आहे: २०२२ मध्ये देशातल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर झाली. घाटाखालच्या, आडवळणाच्या गावात नवा टॉवर दिसला तर तो कुणाचा ते आधी विचारा. इथेही एक गोम आहे. यांचं फोर-जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालतं. ७०० ची लहर लांब जाते, झाडी आणि भिंतींतून जास्त आत शिरते, म्हणजे कोकणाला सोयीची. पण जुन्या पुष्कळ फोनमध्ये ७०० साठी लागणारा बँड २८ नसतो. फोनच्या माहितीत ते बघा, आणि सिम फोर-जीचंच मागून घ्या. नाहीतर टॉवरखाली उभं राहूनही नेट येणार नाही आणि दोष मात्र कंपनीला.

तपासायचं कसं? फोनमध्ये मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'आपोआप निवडा' बंद केलं की आजूबाजूला कुणाकुणाचे टॉवर दिसतात त्याची यादी येते. त्यासाठी त्या कंपन्यांचं सिम लागत नाही. ट्रायच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे कंपन्यांना आपापल्या वेबसाइटवर रेंजचे नकाशेही द्यावे लागतात. त्यावरून अंदाज येतो, पण नकाशाला चिऱ्याची भिंत कळत नाही. खरी तपासणी शेजाऱ्याच्या फोनवर, आपल्या स्वयंपाकघरात उभं राहून. आणि कोकण रेल्वेत रेंज जाते म्हणून कृपया कंपनी बदलू नका. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, तिथे कुणाचीच फुशारकी चालत नाही.

अजून एक, आणि ते माझ्या दृष्टीने स्वस्त-महागपेक्षा मोठं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागांत विजेबरोबर फोनही कित्येक दिवस बंद होते. मुंबईतली मुलं गावच्या आईबापांचा ठावठिकाणा शोधत होती. अशा वेळी कुठला टॉवर आधी उठेल ते कुणीच सांगू शकत नाही. म्हणून घरात चार फोन असतील तर चारही एका कंपनीकडे नेऊ नका, ऑफर कितीही गोड असली तरी. दोन इकडे, दोन तिकडे.

ठरलंच, तर असं करा

मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरांत PORT लिहा, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर टाका आणि १९०० वर पाठवा. पोर्टिंगसाठी लागणारा आठ अक्षरांचा यूपीसी कोड येतो. तो चार दिवस चालतो. कोड आला नाही तर कारण मेसेजमध्येच असतं: पोस्टपेडचं बिल थकलंय, ९० दिवस झाले नाहीत, किंवा नंबरच्या मालकी बदलाचा अर्ज अडकलाय. वडील गेले तरी नंबर त्यांच्याच नावावर, अशी घरं कोकणात कमी नाहीत. आधी जुन्या कंपनीत नंबर आपल्या नावावर करून घ्या, मग पोर्टकडे वळा. जुलै २०२४ पासून आणखी एक अट आली आहे: सिम हरवून किंवा खराब होऊन नवं घेतलं असेल तर सात दिवस कोड मिळत नाही.

कोड आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. एसटी स्टँडसमोर छत्री लावून बसणारा चालेल, पण बोटाचा ठसा एकदाच द्या. "साहेब, ठसा उठला नाही, परत द्या" असं तीनदा झालं तर उठून या. तुमच्या नावावर भलतंच सिम निघू शकतं. आपल्या नावावर किती नंबर आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं, आठवड्याने एकदा बघून घ्या. पोर्टिंगचा ठरलेला दर ६ रुपये ४६ पैसे, आणि तोही बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. दुकानदार त्यापेक्षा जास्त मागतो ते रिचार्जचे, हे त्याच्याकडून वदवून घ्या. जुन्या प्रीपेडचा शिल्लक बॅलन्स आणि उरलेले दिवस बुडतात, म्हणून पॅक संपायच्या सुमारास पोर्ट करा.

एकाच सर्कलमध्ये कामाचे तीन दिवस लागतात, दुसऱ्या सर्कलमधला नंबर असेल तर पाच. रविवार आणि सुट्ट्या यात धरत नाहीत. गोवा महाराष्ट्र सर्कलमध्येच येतो, मुंबई मात्र वेगळं सर्कल आहे. निवृत्त होऊन गावी आलेल्या चाकरमान्यांचा मुंबईचा नंबर कणकवलीत पोर्ट केला तर पाच दिवस धरून चाला. नुसता मुंबईचा आहे एवढ्यासाठी मात्र पोर्ट करू नका. रोमिंगचा वेगळा भुर्दंड आता पडत नाही.

जुन्या सिमची रेंज गेली की नवं घालायचं. मधे काही तास फोन मुका असतो, तेव्हा आंब्याच्या ऐन हंगामात किंवा कुणी दवाखान्यात असताना हा उद्योग नको. नवं सिम चालू झाल्यावर यूपीआय ॲप पुन्हा मेसेज पाठवून नोंदणी करून घेतं, आणि काही ॲप पहिल्या दिवशी मोठी रक्कम जाऊ देत नाहीत. मजुरांचे किंवा पेट्यांचे पैसे द्यायचे असतील तर आदल्या दिवशी देऊन टाका, थोडी रोकड जवळ ठेवा. पोस्टपेड असाल तर जुन्या कंपनीचं शेवटचं बिल घरी येईल, ते भरा. नाही भरलं तर जुनी कंपनी कळवते आणि नवीन कंपनीकडचा नंबर बंद होऊ शकतो.