कोंबडी की बदक, बर्ड फ्लूपुढं कोण टिकतं?

सोलापुरात हिप्परगा तलावाकडच्या वस्त्यांवर परसात कोंबड्या असतात, कुणी हौसेनं बदकं पण पाळतं, आणि सगळ्यांना वाटतं पक्षी तो पक्षी, रोग आला की दोघांना सारखाच. तसं नाहीये बघा.

बदकाच्या पेशीत रिग-आय नावाचा एक सेन्सर असतो, व्हायरसचा आरएनए (त्याचा जनुकीय मजकूर) आत शिरला की तो लगेच ओळखतो आणि इंटरफेरॉन, म्हणजे व्हायरसला रोखायचा इशारा देणारी प्रथिनं, सुरू करतो, म्हणजे व्हायरस पसरायच्या आधीच शरीर तयारीला लागतं. कोंबडीत हा सेन्सर बनवणारा जीनच नाही! 2010 मध्ये संशोधकांनी हे दाखवलं, बदकाचा जीन कोंबडीच्या पेशीत घातला तर व्हायरसची वाढ कमी झाली. कोंबडीकडं एमडीए-5 नावाचा दुसरा सेन्सर आहे, पण तेवढ्यानं भागत नाही. हेही एक कारण असावं, की जहाल एच5एन1 (बर्ड फ्लूच्या व्हायरसचा एक प्रकार) आला की कोंबडीचा तुरा निळा पडतो आणि दोन-तीन दिवसांत खुराडं रिकामं. 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लूनं कोंबड्यांचं काय झालं ते आपल्या महाराष्ट्रानं बघितलंय.

मग बदक पाळणं सेफ का? मला तरी नाही वाटत. बदक ठणठणीत दिसतं पण विष्ठेतून व्हायरस पाण्यात सोडत राहतं, गार पाण्यात तो बरेच दिवस टिकतो. शिवाय एच5एन1 चे काही स्ट्रेन बदकांनाही मारतात. कबुतरं त्या मानानं बरीच टिकाव धरतात.

कोंबडी आणि बदक दोन्ही पाळायचेच असतील तर खुराडं वेगळं, पाण्याचं भांडं वेगळं, आणि हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरले की बदकं तलावावर सोडू नका. अचानक मर झाली तर मेलेल्या पक्ष्याला हात न लावता आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.