घरी आधी कुठलं सूप शिकावं: हरीरा, बोर्श्त, मिसो की फो?

पाकिटातलं टोमॅटो सूप आणि हॉटेलातलं मंचाव खूप झालं, आता एखादं सूप नीट हाताला बसवायचंय, असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते: सवड किती आहे आणि फडताळात काय काय आहे? लहानपणी मी जेवायला बसायची ती साराच्या वाटीसाठी. पुढे जिथलं मिळेल तिथलं सूप चाखत आणि करत आले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. सुपाची चव कडधान्यातून येते, भाजीतून येते, हाडांतून येते की आंबवलेल्या पदार्थातून, हे बघितलं की वेळ, खर्च आणि बाजारहाट सगळं आपोआप ठरतं.

मराठी स्वयंपाकघरातून सुरुवात करणाऱ्याला मी बिनदिक्कत हरीरा सांगते. मोरोक्कोत रमजानचा रोजा सोडताना खजुराबरोबर हे सूप हमखास असतं. काबुली चणे, मसूर, टोमॅटो, कांदा, सुंठ, मिरी, हळद, दालचिनी, मूठ-मूठ कोथिंबीर आणि पार्सली, थोडी सेलरी, शेवटी थोड्या शेवया. पार्सली आणि सेलरी सोडली तर सगळं घरातच असतं. तिकडे बहुतेक घरी मटणाचे बारीक तुकडे घालतात, पण नुसत्या कडधान्यावरही ते अजिबात अळणी लागत नाही. चणे रात्री भिजवून कुकरला आधी मऊ शिजवून घ्या. टोमॅटोच्या आंबटपणात कच्चे चणे तासन् तास दाताखाली टणकच लागतात.

हरीऱ्याची सगळी गंमत तदुइरात आहे. तदुइरा म्हणजे पाण्यात गुठळी न ठेवता कालवलेला मैदा. सूप रटरटत असताना एका हाताने त्याची बारीक धार सोडायची आणि दुसऱ्या हाताने डाव फिरवत राहायचं; पिठल्यासारखंच, हात थांबला की गाठी. दोन-तीन मिनिटांत पातळ रस्सा डावाला चिकटायला लागतो, वरची तकाकी बदलते. मग मंद आचेवर आणखी दहा मिनिटं, म्हणजे कच्च्या पिठाचा वास जातो. वाढताना लिंबू पिळायचं.

युक्रेनचा बोर्श्त भाजीवर उभा असतो: बीट, कोबी, बटाटा, गाजर, कांदा आणि वरून शेपू. शेपू नकोसा वाटणाऱ्यांनी तो बोर्श्तमध्ये एकदा खाऊन बघावाच. २०२२ मध्ये युनेस्कोने युक्रेनमधली बोर्श्त करण्याची परंपरा तातडीने जपण्याच्या वारशाच्या यादीत घेतली, तेव्हा तिथे युद्ध सुरू होतं. चुली आणि परसबागा सोडून माणसं परागंदा होत होती, हे लक्षात घेतलं की त्या नोंदीचं मोल कळतं.

करायला तो हरीऱ्याहून सोपा, फक्त क्रम चुकवायचा नाही. बटाटा आधी शिजू द्यायचा. बीट वेगळ्या कढईत टोमॅटो किंवा व्हिनेगर घालून परतायचं आणि उशिरा सुपात सोडायचं. आंबटामुळे लाल रंग टिकतो; ते नसेल तर बीट उकळून उकळून विटकरी होतं. वरून स्मेताना म्हणजे आंबट साय घालतात, आपल्याकडे फेटलेला चक्का चालतो. मांस घातलेला बोर्श्त करतात तसा ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळचा बिनमांसाचाही असतो, त्यामुळे शाकाहाऱ्यांना काही गाळल्यासारखं वाटत नाही. डब्यासाठी किंवा दोन दिवस पुरवायला हाच घ्या, दुसऱ्या दिवशी तो जास्त मुरतो. हरीरा दुसऱ्या दिवशी घट्ट होऊन बसतो, त्यात पाणी वाढवावं लागतं आणि मीठही.

आता जपानचं मिसो आणि व्हिएतनामचा फो. दोन्हींचा जीव रश्श्यात, पण सवडीच्या हिशेबात एक इकडचं टोक, दुसरं तिकडचं. मिसो सुपासाठी कोंबू ही वाळवलेली समुद्री वनस्पती लिटरभर पाण्यात साधारण १० ग्रॅम, अर्धा तास भिजवायची, मंद तापवायची आणि उकळी फुटण्याआधी काढायची. मग कात्सुओबुशीचा, म्हणजे सुकवलेल्या माशाचा कीस घालून गाळलं की दाशी तयार. कोंबूच्या याच चवीचा माग काढत जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये ग्लुटामेट वेगळं केलं आणि तिला उमामी म्हटलं. शाकाहाऱ्यांनी माशाऐवजी सुके शिताके मशरूम घ्यावेत. जपानच्या बौद्ध मठांतही तसंच करतात. मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, गॅस बंद करून विरघळवायचा, उकळला की सुगंध गेलाच. एकट्याने राहणाऱ्याला याच्यासारखं सूप नाही: मिसोचा डबा फ्रिजमध्ये महिनोन् महिने टिकतो आणि दाशी तयार असेल तर दहा मिनिटांत वाडगा पुढ्यात. अडचण एकच, कोंबू गल्लीतल्या वाण्याकडे मिळत नाही.

फोला मात्र अख्खा रविवार द्यावा लागतो. हाडं आधी खळखळून उकळायची, ते पाणी फेकायचं, हाडं धुवायची, मग ताज्या पाण्यात सहा-सात तास अगदी मंद आच. आच वाढली की रस्सा गढूळ झालाच म्हणून समजा. कांदा आणि आलं थेट जाळावर काळं होईस्तोवर भाजायचं; चक्रीफूल, दालचिनी, मसाला वेलची, लवंग, धणे कोरडे भाजून अख्खेच टाकायचे. मसाला तोच, पण वाटण नाही, फोडणी नाही, तेल नाही, तरी असा रस्सा होतो याचं मला अजून नवल वाटतं. उत्तरेतल्या हानोईचा फो साधा: तांदळाच्या शेवया, मांस, कांद्याची पात. १९५४ च्या व्हिएतनामच्या फाळणीनंतर उत्तरेतून माणसं दक्षिणेत गेली, तिथे फोही बदलला. सोबत मोड, तुळशीची पानं, लिंबू असं भरलेलं ताट यायला लागलं. घरी गोमांस होत नसेल तर फो गा, म्हणजे कोंबडीचा फो करा. तो दोन तासांत होतो. पण फिश सॉसशिवाय फो नाही, म्हणून शाकाहाऱ्यांना मी हा सुचवत नाही.

किनाऱ्यावर राहत असाल आणि ताजी कोळंबी मिळत असेल तर थायलंडचा तोम यम या सगळ्यांच्या आधी करा, अर्ध्या तासाचं काम. कोळंबीची डोकी फेकू नका, रंग आणि गोडवा त्यांतच असतो. गवती चहाची पात नको, कुंडीतल्या रोपाचा बुडखा ठेचून घ्या. गलांगल, म्हणजे आल्याच्या कुळातला कंद, आणि मकरूट लिंबाची पानं मात्र आणावीच लागतील, नुसत्या आल्याने भागत नाही. लिंबाचा रस भांडं खाली उतरवल्यावर.

पाहुणे येणार असतील आणि त्यात काही शाकाहारी, काही मांसाहारी असतील तर पुन्हा हरीराच. कडधान्याचा हरीरा मोठ्या पातेल्यात, मटण वेगळं शिजवून ज्याच्या त्याच्या वाडग्यात. तदुइरा मात्र सगळे आल्यावरच घाला.