शुगरची नवी गोळी की आठवड्याचं इंजेक्शन? आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या घरांसाठी

मेटफॉर्मिन या शुगरच्या नेहमीच्या गोळीने भागत नाही म्हणून डॉक्टर आता दोन गोष्टी सुचवतात, डापाग्लिफ्लोझिन नाहीतर एम्पाग्लिफ्लोझिनची रोजची गोळी, किंवा सेमाग्लुटाइड, टिर्झेपेटाइडचं आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन. शुगर कशाने जास्त उतरते असं विचाराल तर इंजेक्शननेच उतरते, वजनही त्यानेच, पण भो, आधी किडनी आणि डोळे कसे आहेत ते तर बघा.

सकाळच्या लघवीची अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो नावाची टेस्ट असते, किडनीतून प्रोटीन गळतंय का ते तिच्यात कळतं, ३० च्या आत आली तर ठीक. त्याच्यावर गेली आणि पुन्हा केल्यावरही वरच राहिली, तर माझं मत आधी गोळीकडे. ही गोळी जास्तीची साखर लघवीवाटे काढून टाकते, पण खरी कमाई वेगळीच, २०२० च्या डापा-सीकेडी ट्रायलमध्ये किडनी बिघडायचा वेग हिने कमी झाला, आणि तोही डायबेटीस नसलेल्या किडनी पेशंटमध्येसुद्धा. हार्ट फेल्युअरमध्येही कामाची. पेटंट संपल्यामुळे दोन्ही गोळ्या आता बऱ्याच स्वस्त मिळतात.

त्रास म्हणजे लघवीच्या जागी खाज, बुरशी, आणि अंगातलं पाणी कमी होणं. आपल्याकडे ही बाब मोठी आहे. मे महिन्यात रावेर-यावलला पारा ४५ ला टेकतो, केळीच्या बागेत दिवसभर राबणाऱ्या माणसाला त्यात बीपीची गोळीही चालू असली की उभं राहताना भोवळ येते. कडक उपास, उलट्या-जुलाब किंवा ऑपरेशन असेल तर ही गोळी थांबवायची असते, कधी आणि किती दिवस ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, कारण अशा वेळी कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साठून जिवावर बेतणारा त्रास, होऊ शकतो आणि मीटरवर शुगर जवळपास नॉर्मल दिसते, त्यामुळे घरच्यांना पत्ताच लागत नाही.

इंजेक्शनने भूक मरते, सुरुवातीला मळमळ, बद्धकोष्ठता होते. सेमाग्लुटाइडने किडनीलाही फायदा होतो हे २०२४ च्या फ्लो ट्रायलमध्ये दिसलं. वजन भरपूर असेल आणि खर्च झेपत असेल तर मी हेच घ्या म्हणेन. पण टिर्झेपेटाइड २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा ५ मिलिग्रॅमची एक कुपी ४३७५ रुपयांना होती, म्हणजे महिन्याला साडेसतरा हजार, आणि बंद केलं की वजन बहुतेक परत येतं. न उघडलेलं पेन २ ते ८ डिग्रीत ठेवावं लागतं, उन्हाळ्यात लाइट गेली की फ्रिजचं काय करणार तेही ठरवा. मुळातच वाळलेल्या माणसाला तर मी हे नकोच म्हणेन. डोळ्याचा पडदा आधीच खराब असेल आणि शुगर एकदम उतरली तर तो आणखी बिघडू शकतो, म्हणून पडदा तपासूनच सुरू करा.

दोन्ही एकत्रही देतात. ग्लिमेपिराइड (शुगरची जुनी गोळी) किंवा इन्सुलिन चालू असेल तर नवीन औषध सुरू करतानाच त्याचा डोस कमी करायचा का हे विचारून घ्या, वावरात जेवण लांबलं की घाम फुटतो, हातपाय थरथरतात ते बहुतेक या जुन्या औषधाने शुगर फार खाली गेल्यामुळेच.