नागपूरची अर्धमॅरेथॉन, शेवटच्या रांगेतून

डिसेंबरमधल्या एका शनिवार-रविवारी मी आणि माझी कॉलेजपासूनची मैत्रीण छत्रपती संभाजीनगरहून समृद्धी महामार्गाने नागपूरला गेलो, ते २१.०९७५ किलोमीटर धावण्यासाठी. दोघीही पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहोत आणि दोघींचाही वेग बेताचाच आहे, त्यामुळे पुढच्या फळीतल्या धावपटूंना या परीक्षणाचा फारसा उपयोग होणार नाही. दोन तासांच्या आत पोहोचणाऱ्याला बहुतेक स्पर्धा चांगल्याच वाटतात; आयोजन कितपत मुरलेले आहे, हे अडीच तासांनंतरही रस्त्यावर असलेल्यांना कळते.

शनिवारी दुपारी सिव्हिल लाइन्समधील एका सभागृहात बिब, म्हणजे कपड्यावर लावायचा धावपटूचा क्रमांक, मिळाले. रांग आटोपशीर होती, ओळखपत्र दाखवून दहा मिनिटांत काम झाले. टी-शर्ट मात्र नोंदणीत लिहिलेल्या मापापेक्षा एक माप लहान निघाला आणि ‘उद्या मैदानावर बदलून मिळेल’ हे आश्वासन मैदानावर कोणालाच ठाऊक नव्हते. त्याहून गंभीर त्रुटी अशी की, वेळ नोंदवणारी चिप बिबच्या मागे चिकटवलेली असते, ते दुमडायचे नसते आणि सर्वांत वरच्या कपड्यावर, छातीवरच लावायचे असते, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नव्हते. मैत्रिणीने विचारले नाही. तिने बिब टी-शर्टला लावले आणि पहाटेच्या थंडीमुळे वर जाकीट चढवले.

त्या रात्री सावजी मटण खाण्याचा तिचा आग्रह मी मोडून काढला आणि आम्ही निमूटपणे वरण-भात जेवलो. बाहेरगावाहून येणाऱ्यांना माझा सल्ला हाच राहील: सावजी रविवारी दुपारी खावे, आदल्या रात्री नव्हे.

मुक्काम सीताबर्डीत केला, तो निर्णय योग्य ठरला. पाच वाजता मैदानावर हजर राहायचे असल्याने मेट्रोचा उपयोग नव्हता आणि त्या वेळी रिक्षाही सहज मिळाली नाही. आम्ही चालत गेलो. सामान ठेवण्याची सोय नीटनेटकी होती; स्वच्छतागृहे संख्येने कमी होती आणि स्त्रियांची रांग नेहमीप्रमाणे दुप्पट लांब होती.

शर्यत साडेपाचला, अंधारातच, सांगितलेल्या मिनिटाला सुरू झाली. मार्ग दोन फेऱ्यांचा होता: सिव्हिल लाइन्स, लॉ कॉलेज चौक, फुटाळा तलावाचा काठ आणि सेमिनरी हिल्सचा चढ. नागपूर सपाट आहे अशा समजुतीने आलेल्यांची या चढावर, विशेषतः दुसऱ्या फेरीत, चांगलीच दमछाक होते. पहिल्या फेरीत झाडांखालच्या काही भागात उजेड फारच अपुरा होता आणि गतिरोधकांवर पांढरे पट्टेही मारलेले नव्हते. फुटाळ्याच्या काठाने जाताना मात्र पूर्वेकडे उजाडत होते, पाणी स्थिर होते, आणि तेवढ्या दीड किलोमीटरसाठी मी पुन्हा एकदा प्रवेश शुल्क भरायला तयार आहे.

आम्ही अडीच तासांच्या पेसरच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत पोहोचण्यासाठी वेग राखून पुढे धावणाऱ्याच्या, मागे होतो. अडीच तासांसाठी प्रत्येक किलोमीटर सुमारे ७ मिनिटे ७ सेकंदांत व्हायला हवा. आमच्या पेसरने पहिले पाच किलोमीटर ६ मिनिटे ४० सेकंदांच्या वेगाने नेले, म्हणजे पाचव्या किलोमीटरला आम्ही दोन मिनिटांहून अधिक पुढे होतो. हातात झेंडा घेऊन धावणाऱ्याचे काम वेळ वाचवण्याचे नसून वेग राखण्याचे असते. बाराव्या किलोमीटरपर्यंत त्या घोळक्यातील निम्मे लोक मागे पडले होते, आणि त्यांत आम्हीही होतो.

पाण्याची व्यवस्था पहिल्या फेरीत उत्तम होती. साधारण दर दोन किलोमीटरला टेबल, पाणी, इलेक्ट्रोलाइट, मीठ, आणि सोललेल्या संत्र्याच्या फोडी, ज्या नागपुरात नसत्या तरच नवल. दुसऱ्या फेरीत तेच टेबल ओळखू येईना. अठराव्या किलोमीटरला पेले संपले होते, आणि एक शाळकरी स्वयंसेवक वीस लिटरच्या जारमधून आमच्या ओंजळीत पाणी ओतत होता. ‘चला काकू, थोडंच राहिलं जी,’ असे त्याने इतक्या आपुलकीने म्हटले की, ‘काकू’ या शब्दावर एरवी उसळणारी माझी मैत्रीणही मुकाट्याने पुढे निघाली. मुलांची काहीच चूक नव्हती. मागून अजून दोनशे माणसे यायची आहेत, याचा हिशेब ज्यांनी ठेवायचा होता त्यांनी तो ठेवलेला नव्हता.

माझी मुख्य तक्रार रस्त्याबद्दल आहे. नियमपत्रिकेत मुदत तीन तासांची होती, म्हणजे किलोमीटरला साडेआठ मिनिटे घेणाराही नियमात बसत होता. प्रत्यक्षात आठ वाजताच कठडे उचलले गेले आणि शेवटचे दोन किलोमीटर आम्ही दुचाकींच्या हॉर्नमधून, कडेकडेने धावलो. मुदत साडेआठची असेल तर रस्ता साडेआठपर्यंत बंद असला पाहिजे.

माझ्या घड्याळाने अंतर २१.३४ किलोमीटर दाखवले. यावरून अनेक जण आयोजकांशी वाद घालत होते, तो अनाठायी होता. मार्ग वळणांच्या आतल्या बाजूने, सर्वांत जवळच्या रेषेने मोजतात आणि तो कमी भरू नये म्हणून हजारामागे एक एवढी वाढही धरतात. आपण गर्दीत बाहेरून वळतो, आणि घड्याळाची स्वतःची चूक वेगळीच. अंतराबाबत मला शंका नाही.

मैदानावर पदक मिळाले, नाश्ता संपला होता. बाहेरच्या टपरीवर तर्री पोहे खाल्ले, वर चण्याची लालभडक तर्री आणि कच्चा कांदा, आणि दुसरी प्लेट मागवताना दोघींपैकी कोणीच संकोच केला नाही.

निकालात माझी वेळ २ तास ४१ मिनिटे होती, मैत्रिणीचे नावच नव्हते. जाकिटाच्या चेनमुळे की बिब दुमडले गेल्यामुळे, शेवटच्या मॅटवर, म्हणजे चिप वाचणाऱ्या रस्त्यावरच्या पट्टीवर, तिची चिप नोंदली गेली नव्हती. आम्ही हातात हात घालून रेषा ओलांडतानाचे छायाचित्र पाठवल्यावर तिसऱ्या दिवशी दुरुस्त प्रमाणपत्र आले, दिलगिरीच्या दोन ओळींसह. ही तत्परता मी आयोजकांच्या जमेला धरते. पुढच्या डिसेंबरची नोंदणी सुरू होईल तेव्हा मैत्रीण लगेच पैसे भरणार आहे. मी मात्र आधी आयोजकांकडून रस्ता किती वाजेपर्यंत बंद राहील, हे लेखी मागवणार आहे.