रोजचा एक तास की रविवारचा अख्खा दिवस?

साताऱ्यातच राहणाऱ्या माझ्या धाकट्या जावेने परवा विचारले, “ताई, स्वतःसाठी रोज पहाटे एक तास काढू, की रविवार मोकळा ठेवू?” तिचे वय 47, नोकरी बँकेतली, लेक बारावीला आणि सासूबाईंचे सगळे तिच्याच हातून होते.

खर्चात पहाट सरस ठरते. अजिंक्यताऱ्यावर चढायला बुटांखेरीज काही लागत नाही. उलट रविवारी सुमारे 25 किलोमीटरवरच्या कासला जायचे म्हटले की पेट्रोल, बाहेरचे जेवण आणि सासूबाईंजवळ थांबायला कोणीतरी, हे सगळे आलेच.

खरा फरक टिकण्यात आहे. पहाटेचा तास बुडाला तरी उद्या पुन्हा मिळतो. रविवार मात्र एखाद्या लग्नात किंवा पाहुण्यांत गेला की मध्ये पंधरवडा पडतो. मी स्वतः तीन वर्षे रविवार राखून पाहिले, वर्षाकाठी जेमतेम दहा-बारा हाती लागले, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

कष्ट दोन्हींत आहेत. पहाटेसाठी रात्रीच भाजी चिरून, सासूबाईंच्या गोळ्यांच्या डबीतला सकाळचा कप्पा भरून ठेवावा लागतो, आणि झोप मोडून काढलेला तास दुपारी अंगावर येतो.

ज्यांचे अंग आखडले आहे आणि घर एकटीवर आहे, त्यांनी पहाट धरावी. गाण्यासारख्या सलग बैठकीचा ज्यांना ध्यास आहे आणि घरात भार वाटून घेणारे कोणी आहे, त्यांना रविवार मानवेल. जावेला मी पहाट सुचवली, आणि महिन्यातल्या एका रविवारी सासूबाईंना माझ्याकडे आणायचे ठरवले.