केळीच्या घडाला निळा परकर: स्कर्टिंग बॅगचा वर्षभराचा अनुभव

पुतण्या जळगावला नोकरीला आहे. गेल्या मे महिन्यात आला तेव्हा आगरात फिरताना म्हणाला, "काकू, तिकडे सगळ्या केळीच्या बागा निळ्या दिसतात. घडाला पिशवी घालतात, मग केळ्यावर एक डाग पडत नाही." आणि तिथेच माडाखाली उभं राहून फोनवरून दहा पिशव्यांचं पाकीट मागवलं. २८० रुपये. कुरिअरवाला आमच्या गावापर्यंत, आंजर्ल्यापर्यंत, येईना, दापोलीला जाऊन घ्यावं लागलं, त्या एसटीच्या तिकिटाचा हिशोब मी वेगळा धरते.

पिशवी म्हणजे पातळ, कापडासारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकची नळकांडी. दोन्ही तोंडं उघडी, वर बांधायला नाडी. लांबी सव्वा मीटरच्या आसपास, पाकिटावर १७ जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला १७ ग्रॅम) छापलेलं. हात लावला तर वारा आरपार जातो, त्यामुळे आत घाम धरत नाही, हे खरं आहे. सासूबाईंनी (वय ८४) पडवीतून बघितलं आणि म्हणाल्या, "अगो, केळीला परकर कशाला?" तेव्हापासून आमच्याकडे तिला परकरच म्हणतात.

आमच्या केळींबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आगरातले अकरा माड आणि बऱ्याच पोफळी आडव्या झाल्या. जिथे कधी ऊन पडत नव्हतं तिथे टळटळीत उजेड आला, आणि त्या जागेत मी केळी लावल्या. न्हाणीच्या मागे वेलची केळ होतीच, तिचेच मुनवे (बुंध्याशी फुटणारी पिल्लं) काढून पुढे नेले. मुनवा घ्यायचा तो तलवारीसारख्या अरुंद पानांचा. रुंद पानांचा दिसायला गुबगुबीत असतो, पण त्याला अंगचा जोर नसतो. माहेराहून राजेळी आणली, आणि रोपवाटिकेतून जी-नाईन जातीची चार टिश्यू कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं. म्हणजे परीक्षेला तीन जाती बसल्या.

पहिली पिशवी गेली जी-नाईनला, आणि ती माझ्या शहाणपणामुळे वाया जाता जाता राहिली. जुलैच्या सुरुवातीला केळफूल बाहेर पडलं, अजून दोनच फण्या उघडल्या होत्या, तेवढ्यात मी परकर चढवला. शिवाय वटवाघळं येतात म्हणून खालचं तोंडही सुतळीने आवळलं. केळफूल जसं उलगडतं तशा त्याच्या जांभळ्या पाकळ्या एकेक गळून पडतात, त्या सगळ्या आत साचल्या. वरून पाऊस. आठ दिवसांनी खाली चिकट लगदा, त्यावर चिलटं, आणि आंबूस वास न्हाणीपर्यंत. पाकिटातल्या कागदावर हिंदीत एवढंच लिहिलंय की घड आल्यावर घालावी. घड "आला" म्हणजे कधी, ते नाही. तर मी सांगते: शेवटची फणी उघडून झाली, तिच्या खाली नुसती पोकळ फुलं यायला लागली, की केळफूल कापून घ्यायचं (ते काळे वाटाणे घालून भाजीला), एक दिवस चीक सुकू द्यायचा, मग पिशवी. नाडी सगळ्यांत वरच्या फणीच्या वर, दांड्याला. खालचं तोंड उघडंच.

पिशवी सोडली, धुतली, घड पुसला, पुन्हा घातली. ऑक्टोबरात तो घड उतरवला तेव्हा शेजाऱ्यांच्या काट्यावर २१ किलो भरला, आणि साल अशी की पुतण्याला फोटो पाठवला. फुलकिड्यांमुळे सालीवर जो तांबूस गंजासारखा थर येतो तो नाही, वाऱ्याने पान घासून पडणारे काळे ओरखडे नाहीत. या बाबतीत पिशवी बोलल्याप्रमाणे वागते, पूर्ण गुण.

आता तक्रारी.

एक म्हणजे घड झाकला की नजरेआड होतो. केळ तयार झालं की नाही हे आपण त्याच्या धारांवरून ओळखतो. कोवळ्या केळ्याला कंगोरे असतात, ते भरत भरत गोल झाले आणि टोकाची सुकी फुलं हात लावताच गळायला लागली की घड काढायचा. परकराआड यातलं काही दिसत नाही. वेलचीचा पहिला घड मी असाच विसरले. गणपतीच्या गडबडीत आठवडा गेला, आणि एका सकाळी पिशवीखाली केळ्यांची सालं. वरच्या दोन फण्या झाडावरच पिकून फुटल्या होत्या, ओंबील (तांबडे मुंगळे) लागले होते, आणि खालून वटवाघळांनी सोय करून घेतली होती. तेव्हापासून पिशवीवर मार्करने तारीख लिहिते. केळफूल दिसल्यापासून माझ्याकडे वेलचीच्या एका घडाला ९६ दिवस लागले, दुसऱ्याला १०८. नव्वद झाले की रोज परकर वर करून बघायचं.

दुसरी तक्रार वाऱ्याची. जळगावला समुद्र नाही. आमच्याकडे पावसाळ्यात खाडीवरून वारा सुटला की पिशवी शिडासारखी फुगते आणि घडाच्या वजनाने आधीच वाकलेली केळ आणखी ओढली जाते. वेलची उंच, तिला तर जास्तच. दोन बांबूंची कैची करून टेकू दिल्याशिवाय पावसात पिशवी घालू नका. मी दिला होता म्हणून वाचले.

तिसरं वानर. ऑनलाइन जाहिरातीत "माकडांपासून संरक्षण" असं ठळक लिहिलंय. राजेळीच्या घडाला पिशवी घातली, नऊ दिवस टोळी येऊन बघून गेली. निळं काहीतरी लटकतंय, भानगड नको, असं त्यांना वाटलं असावं. दहाव्या दिवशी मोठा हुप्प्या आला, त्याने नाडीशी खेळत न बसता पिशवी मधोमध टरकावली आणि पाचापैकी तीन फण्या हिरव्याच तोडल्या. खाल्लं कमी, एकेक चावा घेऊन फेकलं जास्त. उरलेल्या दोन फण्यांचे काप केले. या जाहिरातीला शून्य.

उतरवण्याचं काम पिशवीने थोडं सोपं होतं, हे कबूल करायला हवं. आम्ही खोड मध्यावर अर्धं कापतो म्हणजे केळ हळूहळू वाकते, खाली गडी खांद्यावर गोणपाट घेऊन उभा असतो. पिशवीसकट घड घेतला तर चीक कपड्यांवर येत नाही. केळीचा डाग धुतल्याने जात नाही हे ज्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडलाय त्याला विचारा. कोयत्याला आणि हातांना मात्र खोबरेल लावाच. कापलेलं खोड लगेच मुळापासून काढू नका, त्यातला ओलावा शेजारच्या मुनव्याला मिळतो.

राजेळीला ही पिशवी तशीही वाया. वसईकडे तिची सुकेळी करतात, आमच्याकडे उकडतात नाहीतर तळतात, सालीचा डाग कोण बघणार? वेलचीचंही तेच. बिनडागाच्या दोन फण्या दापोलीच्या फळवाल्याकडे नेऊन बघितल्या, डागाळलेल्या दोन शेजारी ठेवल्या. म्हणाला, "वैनी, वेलची आहे ना, मग भाव एकच." जळगावकडे ट्रक भरून लांबच्या बाजारात माल जातो, तिथे सालीचा भाव मिळत असेल. घरच्या चार केळींना तो कोण देणार?

तेव्हा माझ्यापुरतं: जी-नाईन लावली असेल, टेकू भक्कम असेल आणि वानरं तुमच्या वाडीत येत नसतील, तर घ्या. पाचापैकी तीन तारे, तेही साल पाहून.

चार वापरल्या, सहा उरल्या. त्यातली एक सासूबाईंनी या मे महिन्यात उभी फाडली आणि खळ्यात वाळत घातलेल्या कोकमाच्या सालांवर पसरली. वारा लागतो, माशी बसत नाही. परवा विचारत होत्या, परकर अजून किती आहेत.